योगूचा लूम

सुरतच्या उधन्यात, यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत, रॉकेलच्या रांगेत माझ्यापुढे दोघी शेजारणी उभ्या होत्या, तरुण धनश्री आणि वयस्कर भागीरथीकाकू.

“काकू, घरात पाय ठेवायला जागा नाही. जिकडे तिकडे दोऱ्याच्या रिकाम्या बॉबिन!”

“तुझा नवराच आणतो ना कारखान्यातून?”

“आणतो. आणि आमचा योगू खाटेपासून स्टोपर्यंत दोरे बांधून लूम चालवतो. ‘उचल रे पसारा’ म्हणून घसा फाटेस्तोवर ओरडले, तर ओ देईना.”

“कान धरायचा.”

“धरला. तर म्हणतो, ‘मम्मी, मी लूमवर आहे, खडखडाटात मला ऐकू येत नाही. पप्पांना तर घरीपण ऐकू येत नाही.’”

“अगं बाई! हुशार आहे हो पोरगा. बघ, मोठा झाला की शेठ डोळे झाकून बापाशेजारचा लूम देईल.”

“म्हणूनच सकाळी सगळं पोत्यात भरलं आणि भंगारवाल्याला देऊन टाकलं.”

“वेडी का काय! लेकराचं खेळणं गं ते. आता काय खेळेल?”

“माती आणू दे, भिंती रंगवू दे, घराचा उकिरडा करू दे. मी रोज ओरडेन, काकू. पण माझं ओरडणं त्याला ऐकू आलं पाहिजे.”