वेणीपर्यंत पोचलेला हात

दवाखान्यात माझा नंबर यायचा होता. शेजारी एक आजी आखडलेला खांदा सोडवायला भिंतीवरून बोटं वर चालवत होत्या. आजोबा जवळच उभे होते.

"खांदा कानाकडे ओढू नकोस गं, फक्त हात वर ने."

"देवाला हात जोडता येतात, तेवढं पुरे मला."

"आणि वेणी? जन्मभर मीच घालू?"

"वेणी कसली, सुतळी वळता!"

"म्हणूनच म्हणतो, हात वर ने आणि सोडव मला."

"हा बघा, भिंतीवरून मागे नेला. अहो, पोचला! डोक्यामागे पोचला!"

"खरंच की गं!"

"सुटलात बरं का. उद्यापासून माझी मी घालीन."

"हात पोचला गं, पण मागचं तुला दिसणार कुठे? सुतळी तर सुतळी, मीच वळत जाईन."