काचऱ्यांचं कडू पाणी

विषय निघालाच आहे तर सांगतो. कोकणातून माझ्या पुस्तकावरच्या कार्यक्रमाच्या निमंत्रणाचं पत्र आलं, तेव्हा मी आमच्या दुष्काळी कडा गावात, गल्लीत घागर घेऊन टँकरची वाट बघत उभा होतो. शेजारचे फळवाले गफूरभाई म्हणाले, “समुद्रावर चाललात सर, तर येताना टँकर भरूनच आना.”

कार्यक्रम मालवणला, अगदी किनाऱ्यावर होता. माझं पुस्तक दुष्काळावरचं, पण गप्पा फिरत फिरत फणसाच्या भाजीवर गेल्या. मीही सांगून टाकलं, की आमच्या घरी हंगामात कारल्याच्या काचऱ्या वाळवून ठेवतात आणि उन्हाळ्यात भिजवून त्यांची भाजी करतात.

पुढे बसलेल्या एका मावशींनी विचारलं, “भिजवलेलं कडू पाणी ओतून देता ना?”

“नाही. त्यातच शिजवतात.”

“मग भाजी कडू नाय लागत?”

“लागते की.”

“पाणी कमी म्हणून तसं करता, की तशीच आवडते?”

विहीर भरलेली असायची त्या वर्षीही बायको तशीच करायची. तिला आवडते म्हणून मी वीस वर्षं मुकाट्यानं खाल्ली. आता वाटलं, ती माझ्यासाठी तर करत नव्हती?

“घरी विचारून सांगतो,” मी म्हणालो. मावशींनी पत्ता लिहून दिला.

बाहेर येऊन मी घरचा फोन लावलासुद्धा. बराच वेळ वाजल्यावर ध्यानात आलं, घराला कुलूप लावून मीच आलो होतो. तिला जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते.

मावशींना अजून काही कळवलेलं नाही.