डबी बदलली कुणी?

डबी बदलली या लॅबमध्ये कुणीतरी! नाही, कुणाचं नाव घेत नाही मी, पण बदलली. तुम्हीच सांगा भाऊ, एका ट्रेमध्ये दहा डब्या, झाकणं सारखी, वर चिठ्ठ्या चिकटवलेल्या — एक चिठ्ठी सुटली की माझं त्याचं आणि त्याचं माझं, कळणार कुणाला? आणि रिपोर्ट काय, तर शुक्रजंतू एकही हलत नाही, सगळे मेलेले. सगळे! अहो, चार-दोन तरी जिवंत सापडले असते की! — हळू बोलू? हळूच बोलतोय. तुम्ही इथले नाही ना? फाईल आहे हातात म्हणून बसलो तुमच्याजवळ.

हा लॅबवाला बघा मला काय विचारतो — काम काय करता? म्हटलं, बेकरीत, भट्टीवर, बावीस वर्षं. तंबाखू खाता? खातो, कोण खात नाही? तर म्हणे उष्णतेनं होतं, तंबाखूनं होतं, तीन महिने भट्टीपासून लांब राहा आणि पुन्हा तपासून घ्या. म्हणजे चूक यांची आणि काम सोडायचं मी! माझे वडील त्याच भट्टीवर होते, आम्ही पाच भावंडं झालो — पाच! कुठे गेली तेव्हा उष्णता? आणि डबी मी नीट आणली होती हो. अर्ध्या तासात आणा, गार पडू देऊ नका, अंगाशी धरून आणा, सगळं सांगितलेलं. गार कशी पडेल? वाटेत बेकरीत एक खेप काढायची राहिली होती, तर तेवढा वेळ भट्टीच्या माथ्यावर ठेवली, पीठ फुगायला ठेवतो ना आम्ही, तिथे. ऊब असते छान. आणली तेव्हा हाताला चटका बसत होता — गार म्हणायची सोय नव्हती कुणाला!

असे काय बघताय? पुन्हा नाही दिली, नाही. चार महिने झाले. पुन्हा तेच आलं तर? — म्हणजे यांनी पुन्हा बदलली तर, असं म्हणतोय मी. आणि चुकीचा कागद घरी कशाला दाखवायचा? आईला म्हटलं, माझं सगळं ठीक आहे. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट मागितला, त्यांना म्हटलं, नॉर्मल आलाय, आणतो. बायको तिथेच होती. मान खाली घातली तिनं. सहा वर्षं तिच्याच तपासण्या चालल्यात — सुया, गोळ्या, त्यात आईचे टोमणे. आणि आज ते दुर्बिणीचं ऑपरेशन, तिच्यात काय दोष आहे ते बघायला. तीच म्हणाली, होऊन जाऊ दे एकदाचं. मग मी कशाला अडवू? — नाही, तसं नाही, सांगणार आहे मी. म्हणून तर खाली आलो ना, आधी यांच्याकडून लिहून घेतो की डबी बदलली, मग वर जाऊन — अजून वेळ आहे, अकराचं म्हणालेत — तुम्ही का उठलात? बसा की. तुम्हाला कुणी पाठवलंय का माझ्याकडे? आमच्या मेव्हण्याला ओळखता?

"अहो बेकरीवाले, इथे बसलात होय?" जिन्यावरून सिस्टर म्हणाली. "नेलं त्यांना आत. जाताना म्हणाल्या, डबा पिशवीत आहे, तुम्ही जेवून घ्या."