मणीच्या काउंटरवरची जागा

(तंजावूर, १९९६. दुपार. मागची पडवी, चुलीवर साखरेचा पाक. रघोजी, त्यांची बायको विशालाक्षी आणि आत्ताच बाहेरून आलेला मुलगा प्राणेश.)

प्राणेश : दुकानदार मणी खोटं कशाला बोलेल, अप्पा? पेपरमिंटची बरणी तुम्ही स्वतः येऊन उचलून नेलीत म्हणाला.

रघोजी : नेली. माझी बरणी, मी नेली. त्यांत काय झालें?

प्राणेश : एकट्या मणीकडची नाही. बस स्टँडवर तेच, देवळासमोर तेच. मी कंपनीच्या मिंटची बरणी घेऊन जातो, तर काउंटरवर जागा आधीच रिकामी! सुपरवायझर खूश. म्हणतो, नवा माणूस असून दुकानांची काय लाइन पकडलीस!

रघोजी : बरें झालें कीं.

विशालाक्षी : थांबा. मला तर सांगितलेंत, दुकानदारच माल नको म्हणाले.

रघोजी : आज ना उद्यां म्हणालेच असते. केबल आल्यापासून पोरांना कागदांत गुंडाळलेलें हवें. टीव्हीवरचें हवें.

विशालाक्षी : म्हणजे म्हणाले नव्हते.

रघोजी : मणीनें विचारलें. "अण्णा, प्राणेश नवी बरणी ठेवायची म्हणतो. इथें एकच मावते. काय करूं?" काय सांगणार त्याला? उद्यां हा तिथें जाऊन उभा राहणार, आणि ह्यालाच म्हणावें लागणार, माझ्या बापाची बरणी बाजूला सार. तें ह्याच्या तोंडून यायला नको होतें. म्हणून मीच फिरलों, सगळीकडे.

प्राणेश : मी म्हणालोच नसतो तसं.

रघोजी : मग नोकरी गेली असती. बी.कॉम. होऊन किती वर्षें दाराबाहेर तिण्णैवर, ओट्यावर, पेपर वाचत बसायचास. येणाऱ्याजाणाऱ्याशीं बोलावें लागूं नये म्हणून पेपर तोंडासमोर धरायचास. मी बघत होतों रे.

प्राणेश : आज मणीनं सगळ्यांसमोर हाक मारली. "डेय् पेपरमिंट!" शाळेतलं नाव. तेव्हा ह्याच नावावरून मी मारामाऱ्या करायचो. आज ओ दिली, आणि हातात कंपनीची बरणी. मी सोडतो ही नोकरी, अप्पा.

रघोजी : सोडून काय करशील? हा पाक ओढायचा हूक धरशील? ज्याला गिऱ्हाईक नाहीं तें काम मुलाच्या गळ्यांत घालूं?

विशालाक्षी : तुमचें दोघांचें झालें? आतां मी बोलूं? तो सोडतो, तुम्ही बंद करतां. मला कोणी विचारलें? लग्न होऊन आलें तेव्हां ह्या घरांत सांबार करायच्या आधीं पाक ओढायला शिकलें. हाताला फोड यायचे. गोळीवर लाल पट्टी इतकीं वर्षें कोण घालतें? माझी नव्हे ती बरणी?

रघोजी : तुझीच. कोण नाहीं म्हणतो?

विशालाक्षी : मामंजींनी हार मानली होती का? तिरुच्चीला रेल्वे कॉलनीच्या बेकरींत भट्टी सांभाळायचे. तिथल्या दोरैसानीनें, गोऱ्या बाईनें, ही गोळी करायला शिकवलें. हा हूक घेऊन गावांत आले, तर लोक गोळी तोंडांत धरायला तयार नाहींत!

प्राणेश : का?

रघोजी : जिभेला गार लागतें, म्हणजे हें औषधच असणार म्हणायचे. मग बाबांनी औषध म्हणूनच विकली. पापनाशमच्या बसमध्यें ज्यांना मळमळायचें, त्यांना. तिरुवैयारूला उत्सवांत गाणाऱ्यांना, गळ्यासाठीं. पोरांपर्यंत गोळी पोचली ती नंतर.

विशालाक्षी : त्या गाणाऱ्या बायका अजून दर साल दार ठोठावतात. ह्या सालींही येतील. त्यांना काय कागदांतली देऊं? मी आजचा पाक त्यांच्यासाठींच ठेवला आहे. सरका, दगडावर ओततें.

रघोजी : जपून. आतां पेपरमिंटचें तेल घाल... बस. थोडें गार होऊं दे, मग मी ओढतों.

विशालाक्षी : काय ओढतां! खांदा वर जात नाहीं. दिवाळीपासून मीच ओढतें आहे.

प्राणेश : अप्पा, खांद्याचं मला कुणीच सांगितलं नाही.

रघोजी : सांगण्यासारखें काय आहे? वय झालें.

प्राणेश : सरा, अम्मा. मी ओढतो.

रघोजी : हाताला तूप लाव आधीं. हं, आतां हुकावर टाक, खालीं ओढ, दुमड, पुन्हां टाक. जोर नको लावूं. त्यांत हवा शिरली पाहिजे.

प्राणेश : हात भाजतो हो!

विशालाक्षी : भाजणारच.

प्राणेश : पिवळंच दिसतंय अजून.

रघोजी : ओढत राहा. पांढरें आपोआप होतें.

विशालाक्षी : ऐका. दुकानांत नको तर नको. उद्यांपासून बरणी तिण्णैवर ठेवणार. मी बसेन तिथें.

रघोजी : आणि ह्याच्या कंपनीला कळलें म्हणजे?

प्राणेश : आपली तिण्णै माझ्या लाइनवर येत नाही, अप्पा.

विशालाक्षी : सेरी, बरें. मग ठरलें.

प्राणेश : बघा, बघा, कडेनं पांढरं व्हायला लागलं! सकाळी कामावर जायच्या आधी रोज ओढून देईन. चालेल ना?

रघोजी : तो शर्ट तरी काढून ठेव. उद्यां तोच घालून जाशील, पेपरमिंटचा वास येईल.

प्राणेश : येऊ दे.