झाडाची चोखणी

डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरात, दातांच्या दवाखान्यात आस्गर नंबराची वाट बघत बसला होता. शेजारच्या अनोळखी कुटुंबाचं बोलणं त्याच्या कानावर पडत होतं: सिग्ने, तिच्या मांडीवर तिची अडीच वर्षांची मुलगी व्हिगा आणि सिग्नेचे वडील.

"बाबा, आत डॉक्टरबाई विचारतील. व्हिगाची चोखणी सुटून आठवडा झाला, असंच सांगायचं ना?"

"सांग की."

"मग खाली काय बघतोस?"

"गुरुवारी मी बागेत गेलो होतो. मुलं चोखणी सोडताना जिथे ती बांधून येतात, त्या झाडाकडे. हिची सोडून आणली."

"बाबा! अख्ख्या पाळणाघरासमोर हिने स्वतःच्या हाताने बांधली होती! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या!"

"दुपारी बाबागाडीत झोपेचना गं. रडून रडून लाल झाली."

"आणि मी हिच्याकडून करून घेते ते तोंडाचे व्यायाम? महिनाभर वरच्या ओठाला दही लावून चाटायला लावतेय. जीभ वर, मग ओठ बंद, श्वास नाकाने. चोखणी सुटली नाही तर सगळं पाण्यात, बाईंनी सांगितलंय!"

"पुढचं ऐक तरी. धुतली, हिच्या हातात दिली. हिने उलटसुलट बघितली आणि मलाच परत दिली. म्हणाली, 'झाडाची आहे.'"

"खरंच?"

"आणि झोपली. तोंड मिटून! रोजचं ते घोरणंसुद्धा नाही. मी चारदा वाकून बघितलं, श्वास घेतेय ना म्हणून."

"नाकाने?"

"नाकानेच."

"बाबा, हे तू मला आज सांगतोयस?"

"घाबरलो होतो गं तुला."

"आणि चोखणी?"

"उठल्या उठल्या हिने मला बागेत नेलं. पुन्हा बांधायला लावली. वर बोट नाचवून दम दिला, 'आजोबा, नाही घ्यायची!'"