मल्लप्पाचा मोगरा

चहा द्या, पण माझा हातगुण चांगला आहे असं पुन्हा म्हणू नका.

तीस सालाच्या आसपास आम्ही गिरणीत होतो. माझा दोस्त मल्लप्पा माघात महिनाभर अक्कलकोटला गेला. जाताना एवढंच म्हणाला, "अण्णा, मोगऱ्यावर लक्ष ठेवा, शेरडं खातील."

शेरडं आली नाहीत, पण पानं सुकायला लागली. मी शहाणा! रोज भोंग्याआधी दोन घागरी पाणी घालत राहिलो. मल्लप्पा परतला, तर मोगरा हिरवागार.

"बघ, एक पान गळू दिलं नाही!"

पानांवरून बोट फिरवत तो म्हणाला, "म्या मुद्दाम पाणी तोडलं हुतं की. पानं गळल्याबिगर मोगरा फुलत न्हाय."

चैत्रात त्याच्या गौरीचं लग्न होतं. घरच्या मोगऱ्याचा हार घालीन, असं त्यानं लेकीला कबूल केलं होतं.

हार बाजारातनं आला. मी मांडवामागं तोंड लपवून उभा होतो, तर मल्लप्पानं मला हाताला धरून पाहुण्यांपुढं नेलं.

"ह्ये आमचे अण्णा. हारात म्या ओवलेली घरच्या मोगऱ्याची हिरवी पानं ह्यांच्या हातची हायत."

चार शिव्या घातल्या असत्या, तर मी कधीच विसरून गेलो असतो हो.