मॅचआधीचा सत्कार

टीमचं मनोधैर्य कसं वाढवतात, ते आमच्या सांगलीत येऊन बघा. शेवटची मॅच हरलो तर आमची फुटबॉल टीम खालच्या गटात जाणार होती. म्हणून अध्यक्षांनी नवा मॅनेजर आणला, रिटायर्ड सुभेदार. मॅचआधी मैदानातच त्यांचा सत्कार. शाल, नारळ, फेटा, वर चार म्हाताऱ्यांची भाषणं. आम्ही बूट घालून रांगेत उभे. रेफ्री शिट्ट्या मारून दमला.

मी म्हणालो, "आवं अध्यक्ष, मॅच हाय!"

"गप रं! मोठी माणसं बोलत्यात."

शेवटी रेफ्रीनं मॅच न खेळवताच समोरच्यांना विजयी ठरवलं. तेवढ्यात सुभेदार सत्काराला उत्तर द्यायला उठले. खिशातून कागद काढून वाचलं, "पोरांनो, शेवटच्या मिनिटापर्यंत लढायचं!"

म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.